खेड्यात राहून डीलरकडून जुनी इलेक्ट्रिक कार घ्यायची असेल तर

जुनी पेट्रोल गाडी घेण्याची आपल्याकडे ठरलेली पद्धत आहे. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यायचा. तो बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर बघतो, खाली ऑइल गळतंय का पाहतो आणि सांगतो, घ्या किंवा सोडा. इलेक्ट्रिक गाडीत आवाज नाही, धूर नाही, ऑइलही नाही. गाडीच्या किमतीचा मोठा वाटा फरशीखालच्या बॅटरीत असतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही. शिवाय गाडी उत्तम असली तरी घरची वीज कच्ची असेल तर गाडी अंगणात उभीच राहते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहतो. नागपूरच्या डीलरकडून जुनी इलेक्ट्रिक कार घेतली आणि आता ती घरीच चार्ज करतो. घेताना माहिती मिळाली ती बहुतेक पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहणाऱ्यांसाठी होती. गावठाणातला व्होल्टेज, काळ्या मातीतलं अर्थिंग, मे महिन्याचं ऊन याबद्दल कुणी बोलत नव्हतं. म्हणून हा लेख. क्रम मुद्दाम असा ठेवलाय: आधी घर, मग रस्ता, मग गाडी, शेवटी कागद.

1. डीलरकडे जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा

बिलावर "मंजूर भार" बघा. खेड्यातल्या अनेक घरांचा तो एक किलोवॅटच्या आसपास असतो. गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर 15 अँपिअरच्या प्लगवर साधारण तीन किलोवॅट ओढतो, तोही सलग सात-आठ तास. आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. तो ऑनलाइनही करता येतो.

मग व्होल्टेज. वायरमनला दुपारी बोलवून उपयोग नाही, तेव्हा काटा बरोबरच दिसतो. संध्याकाळी सात ते दहाच्या मध्ये, गावात सगळ्यांचे पंखे, कूलर, टीव्ही चालू असताना मीटर लावा. 230 च्या जागी 180-190 दिसत असेल तर चार्जिंग मंदावेल किंवा मधेच बंद पडेल. अशा घरात रात्री अकरानंतर चार्जिंग लावायची सवय ठेवा. तेव्हाही व्होल्टेज चढत नसेल तर दोष डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर आहे. लाईनमनशी बोला, लेखी तक्रार द्या, आणि ते सुटेपर्यंत गाडीचा विचार थांबवा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते अर्थिंगवर. चार्जरला अर्थिंग नीट मिळालं नाही तर तो लाल दिवा लावून गप्प बसतो. माणसाला वाटतं चार्जर बिघडला, डीलर म्हणतो तुमच्या घरचा प्रॉब्लेम आहे, आणि या प्रकरणात डीलरचंच खरं असतं. आपल्या जुन्या घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते. गाडीसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये कमजोर होतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरा, वर पाणी ओतायला तोंड ठेवा, आणि उन्हाळाभर आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी टाका. आमच्याकडे हे काम घरातल्या कुणालाही सांगता येतं, पण विसरलं की चार्जर लगेच आठवण करून देतो.

मीटरपासून गाडीच्या प्लगपर्यंत वेगळी लाईन ओढा: 4 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली, शॉक बसला की लाईन तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचं 16 अँपिअर सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पहिल्यांदा चार्जिंग लावाल तेव्हा तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर सॉकेट किंवा जोडणी बदला.

आणखी एक. शेतातल्या मोटरपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. "वीज तर तिथंही आहे" असं वाटतं, पण शेतीच्या कनेक्शनची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी दुप्पट दराने होते. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला मात्र वेगळं कनेक्शन लागत नाही.

खर्चाचा हिशेब करताना गाडीची युनिटं बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबने धरा, कारण घरचा वापर आधीच खालचे स्लॅब खाऊन बसलेला असतो. छप्पर बरं असेल तर पीएम सूर्यघर योजनेतून सोलर बसवण्याचा विचार गाडीसोबतच करा. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे.

2. तुमचा रस्ता कागदावर मांडा

जाहिरातीतला रेंजचा आकडा चाचणी-केंद्रातला असतो. 2020 च्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची जाहीर रेंज 312 किलोमीटर होती, पण नवी असतानाही ती रस्त्यावर साधारण 180 ते 220 देत असे. माझा ठोकताळा असा: जाहीर आकड्याच्या 60 टक्के धरा आणि त्यातलेही 20 टक्के हाताशी राखून ठेवा. 24 किलोवॅट-तास बॅटरीच्या (एक किलोवॅट-तास म्हणजे बिलातलं एक युनिट) टियागो ईव्हीचा जाहीर आकडा ती आली तेव्हा 315 होता. या हिशेबाने बिनघोर भरवसा 150 किलोमीटरचा.

आता तुमची कामं मांडा. दारव्ह्याहून यवतमाळ जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर, म्हणजे निवांत. आठवडी बाजार, तालुक्याची बँक, शाळा, बाजार समिती यांचा तर प्रश्नच नाही. यवतमाळहून नागपूर एका बाजूने दीडशेच्या आसपास, म्हणजे तिथे पोहोचल्यावर किंवा वाटेत चार्जिंग लागणारच. महिन्यातून एखादी फेरी असेल तर चालतं. घरात पेशंट असेल आणि वर्ध्याकडे सावंगी किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात अवेळी धावावं लागत असेल, तर घरात दुसरी गाडी आहे का, याचा विचार आधी करा. हे मी मनापासून सांगतोय. रात्री दोन वाजता बॅटरी 15 टक्के असणं फार वाईट.

समृद्धी महामार्गावर ताशी 120 ने चालवलं तर रेंज झपाट्याने उतरते. 80-90 ला ठेवलं तर पुष्कळ फरक पडतो. चिखलदऱ्याचा घाट चढताना बॅटरी भराभर खाली येते, उतरताना थोडी परत मिळते, सगळी नाही. मे महिन्यात एसी दिवसभर लागतो, तो हिशेबही धरा.

ज्या चार्जरच्या भरवशावर निघणार आहात तो अॅपवर चालू दिसला तरी तिथल्या पंपावर फोन करून खात्री करून घ्या.

3. कोणत्या गाड्या बघायच्या, कोणत्या टाळायच्या

बाजारात जास्त करून टाटाच्या नेक्सॉन, टियागो आणि टिगोर मिळतात, मग एमजी झेडएस आणि कॉमेट, महिंद्रा एक्सयूव्ही 400. नाव बघण्याआधी चार गोष्टी बघा.

*नंबर प्लेटचा रंग.* इलेक्ट्रिक गाडीची प्लेट हिरवी असते. अक्षरं पांढरी असतील तर खाजगी, पिवळी असतील तर टॅक्सी म्हणून चाललेली. टॅक्सी रोज फास्ट चार्जरवर लागते आणि वर्षात खाजगी गाडीच्या कित्येक पट धावते. काही गाड्या नंतर खाजगीत बदलून विकल्या जातात, प्लेटही नवी असते. म्हणून आधी कशात नोंद होती हे डीलरला स्पष्ट विचारा. टॅक्सीला बॅटरीच्या वॉरंटीच्या अटीही वेगळ्या असू शकतात.

*चार्जिंगचं तोंड.* आज रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर सीसीएस-2 गन असते. महिंद्रा ई-व्हेरिटो आणि सरकारी खात्यांत गेलेल्या सुरुवातीच्या टिगोर यांचं तोंड जुन्या जीबी/टी प्रकारचं आहे. त्या स्वस्त दिसतात, पण त्यांना लागेल असा चार्जर शोधताना जीव जातो. कॉमेट 2023 मध्ये आली तेव्हा तिला फास्ट चार्जिंग नव्हतंच. गावातल्या गावात ठीक, नागपूर गाठायचं असेल तर नाही.

*बॅटरी कुणाच्या मालकीची?* एमजी विंडसरपासून बॅटरी भाड्याने देऊन गाडी स्वस्तात विकण्याची पद्धत आली आहे. अशा गाडीत बॅटरीचे पैसे दर किलोमीटरमागे फायनान्स कंपनीला जातात. जुनी घेताना तो करार बंद झालाय की तुमच्या गळ्यात येणार आहे, हे लेखी घ्या.

*सर्व्हिस सेंटर किती लांब?* हाय-व्होल्टेजचं काम गावातला मिस्त्री करू शकत नाही आणि त्याला करूही देऊ नका, जिवाला धोका आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्या कंपनीचं ईव्ही दुरुस्त करणारं सेंटर नसेल तर गाडी कितीही आवडली तरी मी सोडून देईन.

4. डीलर कोण आहे ते बघा

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते फॉर्म 29-बी मध्ये असतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म 29-सी ने ऑनलाइन कळवायचं असतं. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर येते. "तुमचं 29-बी दाखवा" एवढंच म्हणा. ज्याच्याकडे आहे तो लगेच दाखवतो.

ज्याच्याकडे नाही तो बहुधा मूळ मालकाच्या सह्या केलेले कोरे फॉर्म दाखवेल. हा सापळा आहे. ट्रान्सफरच्या वेळी मूळ मालकाचा ओटीपी लागला आणि तो फोन उचलेना, की गाडी तुमच्या दारात आणि कागद दुसऱ्याच्या नावावर. तरीही अशाकडून घ्यायची असेल तर मूळ मालक समोर बसल्याशिवाय पैसे देऊ नका.

5. बॅटरीची परीक्षा

या पायरीला पूर्ण दिवस द्या. घाईत असलेला डीलर तुम्हाला दहा मिनिटांची चक्कर मारून आणेल, त्यात काहीच कळत नाही.

पहिलं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं. चासी नंबर देऊन सर्व्हिसचा इतिहास, वॉरंटी चालू आहे का, सॉफ्टवेअर अपडेट झालेत का हे विचारा आणि बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल काढून घ्या. त्यातला एसओएच हा आकडा म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत आता किती क्षमता उरली, ते टक्क्यांत. तपासणीचे पैसे लागले तर द्या.

डीलर म्हणेल, "बॅटरी आठ वर्षं वॉरंटीत आहे भाऊ, टेन्शन नका घेऊ." टाटाच्या बहुतेक गाड्यांना आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, अशी वॉरंटी आहे. पण वर्षं पहिल्या खरेदीपासून मोजतात. काही नव्या मॉडेलांची "आजीवन" वॉरंटी तर फक्त पहिल्या मालकापुरती असते. तुम्ही दुसरे आहात. किती वर्षं, किती किलोमीटर उरले आणि ते तुम्हाला लागू आहेत का, हे सर्व्हिस सेंटरच्या तोंडून ऐका.

दुसरं काम चालवून बघण्याचं. आदल्या रात्री गाडी 100 टक्के चार्ज करून ठेवायला सांगा. एसी लावून, नेहमीच्या वेगाने 40 किलोमीटर चालवा आणि किती टक्के उतरले ते लिहा. 30.2 किलोवॅट-तासाच्या नेक्सॉनमध्ये 20 टक्के उतरले तर पूर्ण बॅटरीवर 200 किलोमीटर, उत्तम. 30 टक्के उतरले तर 133 च पडतात, मग कारण शोधा. पडद्यावर दिसणाऱ्या "उरलेल्या किलोमीटर"कडे बघू नका. तो आकडा मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. कुणी दोन दिवस हळू चालवली की तो फुगतो. टक्के बघा. ते एकेक करून सावकाश उतरले पाहिजेत. 40 वरून एकदम 34 असं झालं तर आतले सेल एकसारखे राहिलेले नाहीत.

तिसरं काम बहुतेक लोक करत नाहीत आणि मला तेच सगळ्यात खात्रीचं वाटतं: भरताना मोजायचं. प्लगमध्ये लावायचं 16 अँपिअरचं युनिट-मीटर मिळतं, ते चार्जरच्या आधी लावा. गाडी 20 टक्क्यांपर्यंत उतरवा आणि 100 पर्यंत भरा. त्या नेक्सॉनमध्ये 80 टक्के म्हणजे बॅटरीत साधारण 24 युनिट जायला हवीत, आणि वाटेत दहा-बारा टक्के गळती धरून मीटरवर 26-27. मीटर 21 वरच थांबला आणि गाडी 100 दाखवतेय, तर बॅटरी पाऊण उरली आहे. थोडा फरक गाडीगणिक पडतो, दोन-तीन युनिटांवरून भांडू नका. पण पाच-सहाचा फरक डीलरला कागदावर दाखवा आणि भाव पाडा किंवा उठा.

सोबत जवळच्या फास्ट चार्जरवर नेऊन दहा मिनिटं गन लावून बघा. घरी चार्ज होणारी गाडी तिथे होईलच असं नाही.

शेवटी गाडी लिफ्टवर चढवायला लावा. बॅटरीचं कवच खालीच असतं. पांदण रस्ते आणि गावातले उंच गतिरोधक त्याचीच साल काढतात. बारीक ओरखडे चालतील. चेपलेलं, तडकलेलं किंवा नवा रंग मारलेलं कवच चालणार नाही. सांध्यांत गाळ बसलेला दिसला, सीटखालचे लोखंडी भाग गंजलेले दिसले, कार्पेटला कुबट वास आला, तर गाडी पुरात उभी होती असं समजा. पाण्यात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी कोणत्याही भावात नको.

6. बाकीची गाडी

टायर बघा, या गाड्या जड असतात आणि पहिल्यापासूनच जोर लावतात, टायर लवकर झिजतात. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून डिस्क गंजते. 12 व्होल्टची छोटी बॅटरी बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, तिची तारीख तपासा. भर दुपारी एसी चालवून बघा. दोन्ही चाव्या आणि पोर्टेबल चार्जर गाडीसोबत आहेत ना? चार्जर वेगळा घ्यायला महाग पडतो.

7. भाव

त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत आधी काढा, सध्याच्या सवलतीसकट. नव्या ईव्हीवर जीएसटी 5 टक्केच आहे आणि किमती खाली येत गेल्यात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या बिलावरून सांगितलेला भाव फसवा असतो.

डीलर "18 टक्के जीएसटी लागतो" म्हणून पूर्ण किमतीवर कर लावत असेल तर थांबवा. डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेत जुन्या ईव्हीवर 18 टक्के ठरला तो डीलरच्या मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर. बिल मागा. आणि 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख देऊ-घेऊ नका, आयकर कायद्यात ते बसत नाही, बँकेतूनच द्या. टोकन दिलं तर पावतीवर "बॅटरी अहवाल समाधानकारक नसल्यास टोकन परत" हे वाक्य लिहून घ्या.

डीलर स्वतःची सहा महिन्यांची किंवा वर्षाची वॉरंटी देतो तेव्हा त्यात बॅटरी आणि मोटर येते का ते वाचा. बहुधा येत नाही.

8. कागदपत्रं

गाडीचे, म्हणजे डीलरने द्यायचे:
- आरसी, आणि एमपरिवहन या सरकारी अॅपवर ताडून पाहिलेला चासी व मोटर नंबर
- मालकी बदलाचे फॉर्म: फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (एनओसीची मुदत बघा)
- चालू विमा पॉलिसी, सर्व्हिसची बिलं, मूळ खरेदीचं बिल
- गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28

तुमचे: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, आधारला जोडलेला मोबाइल, आणि कर्ज घेणार असाल तर फॉर्म 34.

पीयूसी इलेक्ट्रिक गाडीला लागत नाही. कुणी त्याचे पैसे लावले तर देऊ नका. राज्यातल्या राज्यात घेतली तर नंबर तोच राहतो, एमएच-31 ची गाडी यवतमाळला आली म्हणून एमएच-29 होत नाही. परराज्यातल्या गाडीत नवा नंबर घ्यावा लागतो. दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण त्या कागदांमागे फिरण्यात स्वस्ताई संपते. मी तरी राज्यातलीच बघा म्हणेन.

ई-चलान थकलेत का, हे पैसे देण्याच्या दिवशी परत एकदा तपासा.

9. ताबा घेताना आणि नंतर

ताबा पावतीवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याआधीचं चलान त्यांचं, नंतरचं तुमचं.

गाडी ज्या कंपनीच्या अॅपला जोडलेली असते ते जुन्या मालकाच्या फोनवरून काढायला लावा, तुमच्यासमोर. नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहील, आणि काही गाड्यांत तो दुरून दार उघडू-लावू शकतो.

विमा 14 दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तेवढा फरक भरावा लागतो. बॅटरी आणि चार्जरचं जादा कव्हर मिळत असेल तर घ्या. विजांच्या कडकडाटात गावात काय काय जळतं ते आपण दर जूनमध्ये बघतो. ढग गरजायला लागले की प्लग काढून ठेवा.

घरी नेताना गाडी चालवतच न्या. बंद पडली तर दोरीने ओढू नका, फ्लॅटबेडवर चढवूनच न्यायची असते.

उन्हाळ्यात 45 अंशांत गाडी दिवसभर 100 टक्के भरून उघड्यावर ठेवू नका. नीम-चिंचेची सावली किंवा टिनाचं शेड करा, आणि रोजच्या वापराला 80-90 टक्के पुरे. टाटाच्या एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला मात्र अधूनमधून पूर्ण 100 पर्यंत भरावं लागतं, नाहीतर टक्क्यांचा हिशेब चुकायला लागतो. ते भरणं रात्री करा आणि सकाळी गाडी बाहेर काढा.

फास्टॅग जुन्या मालकाचा चालत नाही. त्याला त्याचा बंद करू द्या आणि तुमच्या नावाच्या आरसीवर नवा काढा. काढताना गाडीची नोंद इलेक्ट्रिक म्हणूनच झाली आहे ना, हे बँकेकडून तपासून घ्या. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर झाली आहे, आणि नोंद चुकली तर टोल नाक्यावर पैसे कटतात.